साखळीचं तिसरं वर्ष

वही अजून माझ्याकडे आहे.
अडतीची, लांबट, लाल कापडी बांधणीची.
सरळ धरली की हळदीच्या पोत्यांचा हिशेब,
उलटी धरली की आमचा हंगाम.

हरिपूर संघ. सामने सात.
पहिल्या पानावर माझं अक्षर काय सुबक आहे!
सतरा वर्षांचा होतो, छातीत दम नव्हता,
म्हणून हातात टाक दिला.

साखळीत त्या वर्षी आठ गावं उतरली
आणि होळीपर्यंत पाच उरली.
विट्याच्या शेटनं बनियन दिले, गाडीभाडं दिलं नाही.
तासगावचे चौघे एकाच रात्री गिरणीत गेले, मुंबईला.
फलटणचं कुणाला नीट कळलंच नाही.
गुणतक्ता सांगलीत एका सायकल दुकानाच्या फळ्यावर असायचा,
दुकानदाराचा पोरगा तो पुसून
तासाचं भाडं लिहायचा.

आमचा डावा कोपरा बाबालाल शिकलगार,
मिरजेत सतारीचे भोपळे घासायचा;
बोटांना लाखेचा वास,
घोटा धरला की धरला.
उजवीकडे तवनाप्पा मगदूम. दिवस बुडाल्यावर जेवत नसे,
सामना लांबला की उपाशी परतायचा.
मंडळाकडून माणशी दीड रुपया आणि दोन उकडलेली अंडी,
तवनाप्पाची बाबालाल खायचा,
बदल्यात केळं.

आणि कप्तान येसबा बंडगर. पेवातला माणूस.

पेव म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं.
नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेली घागर,
वीस हात खोल, तोंड एका माणसापुरतं.
आत हळद वर्षानुवर्षं झोपते,
किडा लागत नाही, कारण किड्यालाही श्वास लागतो.
उघडलं की आधी कंदील सोडायचा.
तो जळत राहिला तर माणूस.

एकदा कंदील विझला होता, तरी येसबा उतरला.
धाकटा भाऊ आत होता.
वर दोघे आले,
एकाच्या दमावर.
त्याबद्दल तो बोलत नसे. चढाईला गेला की
त्याचं हुतुतू इतकं सावकाश चालायचं,
की समोरचे सातजण आपलाच श्वास मोजू लागायचे.

तरीही हरलो.
कराडला एकोणीस गुणांनी.
इस्लामपूरला पंच गावचा जावई निघाला.
मिरजेला हरलो, त्याला काही कारण नव्हतं.
जतला बरोबरी; परतीचा ट्रक कवठ्याजवळ बसला,
रात्रभर बाभळीखाली शेंगदाणे, आणि कुणीतरी म्हणालं,
साखळी धरताना मधला हात सुटतो आपला.
सगळे गप्प. मधला हात त्याचाच होता.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर, फलटणशी.
चुन्याच्या रेषा मी स्वतः मारल्या.
फलटणचे आले नाहीत.
संघ मोडल्याचं पोस्टकार्ड तीन दिवसांनी आलं,
शाई फिसकटलेली.
पंचांनी अर्धा तास घड्याळाकडे पाहिलं, मग म्हणाले,
सामना हरिपूरला.

आमचा एकुलता एक विजय.
लोक बसूनच राहिले. टाळी कुणासाठी वाजवायची?

तेव्हा येसबानं माती कपाळाला लावली
आणि मध्यरेषा ओलांडली.
रिकाम्या अंगणात, हुतुतू, हुतुतू,
कोपऱ्यात वाकला, जिथं कुणाचा तरी पाय असायला हवा होता,
हात टेकवला जमिनीला,
मागच्या रेषेपर्यंत गेला,
आणि तिथं उभाच राहिला, दम चालू.
संगमावर ऊन तांबडं होत गेलं.
तवनाप्पानं एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे,
आणि डब्याचं झाकण परत लावलं.

किती वेळ, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.
परतला तेव्हा रेष ओलांडूनही थांबला नाही,
आमच्यातून चालत गेला, नदीकडे,
आवाज झाडांत शिरेपर्यंत ऐकू येत होता.

पंच म्हणाले, लिहू नकोस, ही चढाईच नव्हे.
मी लिहिलं : बंडगर, चढाई एक.
गुणांचा रकाना अजून कोरा आहे.

चौथ्या वर्षी साखळी भरली नाही.
वही सरळ करतो.
तीच तारीख, वडिलांचं अक्षर :
पेव अकरा उघडलं. बेचाळीस पोती.
कंदील विझला नाही.